‘आणखी काय?’

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत एखाद्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल सापडला की प्रश्नांची फेरी सुरू होते. भोक का पडलं? आत वायू अडकला. वायू का अडकला? साच्याच्या वाळूत ओलावा जास्त होता. ओलावा का वाढला? पाणी अंदाजानं घातलं. अंदाजानं का? ओलावा मोजायचं यंत्र बंद होतं. मग ते दुरुस्त का झालं नाही? कारण ते कुणी करायचं हे ठरलेलंच नव्हतं. एका भोकापासून निघालेली चौकशी थेट कारभारापर्यंत पोचते.

ही रीत टोयोटाची. तिथल्या ताइची ओनो यांनी दिलेलं उदाहरण जगभर सांगितलं जातं. यंत्र थांबलं, कारण फ्यूज उडाला. भार वाढल्यानं उडाला, आणि भार वाढला तो बेअरिंगला वंगण कमी पडल्यानं. वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. दांडा झिजला, कारण पंपाला गाळणी नव्हती आणि लोखंडाचा कीस आत जात होता. नुसता फ्यूज बदलला असता तर यंत्र पुन्हा थांबलं असतं. वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवणाऱ्या कारखान्यांत हे ‘फाइव्ह व्हाय’, म्हणजे पाच ‘का’, आता रोजच्या कागदपत्रांत असतं.

पण त्याच कारखान्याचा मालक कोचसमोर बसतो, तेव्हा प्रश्न बदलतात.

मालक चाळिशीतला. वडिलांनी उद्यमनगरात वर्कशॉप टाकलं, यानं शिरोलीत फाउंड्री वाढवली. समोरच्या बाईंनी बरीच वर्षं कंपन्यांमध्ये मनुष्यबळ विभाग सांभाळला, आता त्या कोचिंग करतात. टेबलावर वही आहे, ती बंदच आहे.

‘‘आज कशावर बोलायचं?’’

‘‘माणसं टिकत नाहीत ओ, मॅडम. चांगला सुपरवायझर तयार केला की वर्षात सोडून जातोय.’’

‘‘आणखी काय?’’

‘‘शेजारचा दोन हजार जादा देतो म्हटल्यावर चालला तिकडं.’’

‘‘आणखी काय?’’

‘‘नवीन पोरांना भट्टीजवळ उभं राहायला नको. सगळ्यांना पुण्याला जायचंय.’’

इथवरचं त्यानं उद्योजकांच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, बँकेत अनेकदा सांगितलेलं आहे. बोलताना कुठं अडखळत नाही. तिसऱ्यांदा तोच प्रश्न, त्याच सुरात येतो. तो मोबाइल उलटा ठेवतो. बराच वेळ काही बोलत नाही. बाईही बोलत नाहीत.

‘‘मी शॉप फ्लोअरवर गेलो की सगळे गप्प होतात.’’

‘‘ते गप्प होतात, तेव्हा तुम्ही काय करता?’’

‘‘काय करायचं ते मीच सांगतो. वेळ कुठं असतो, बघा की.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग ते तसं करतात.’’ थोडं थांबून, ‘‘आणि चुकलं की माझ्याकडंच बघतात.’’

या संभाषणात ‘का’ एकदाही आलेला नाही, आणि ते ठरवून. ‘वाळू ओली का?’ या प्रश्नानं वाळूचा अपमान होत नाही. माणसाला ‘तुम्हीच का सांगता?’ विचारलं की तो कारण शोधत नाही, बचाव शोधतो. आपल्याकडे तर ‘असं का केलंस?’ लहानपणापासून रागावण्याच्या सुरातच ऐकलेलं असतं. जॉन व्हिटमोर यांनी १९९२ मध्ये ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ लिहिलं. त्यातही ‘का’ जपून वापरा, त्याऐवजी काय, कधी, किती असं विचारा, असा सल्ला आहे. ‘आणखी काय?’ या साध्या प्रश्नाचं महत्त्व कॅनडातले मायकल बंगे स्टॅनियर यांनी २०१६ च्या ‘द कोचिंग हॅबिट’मध्ये ठळकपणे मांडलं. पहिलं उत्तर क्वचितच एकमेव किंवा सर्वांत चांगलं असतं, हा त्यामागचा विचार.

या पद्धतीचं मूळ खेळात आहे. टिमथी गॅलवे हे अमेरिकेतले टेनिस प्रशिक्षक. ‘चेंडूवर नजर ठेव’ असं बजावलं की खेळाडू आखडतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याऐवजी ते चेंडू टप्पा घेतो तेव्हा आणि रॅकेटला लागतो तेव्हा खेळाडूला मोठ्यानं शब्द उच्चारायला लावत, चेंडू कसा फिरतोय ते पाहायला लावत. सूचना न देताच नजर चेंडूवर खिळायची. त्यांचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ १९७४ चं. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ ला कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्याला नेमबाजीतली अशीच एक सवय ठाऊक असायला हरकत नाही. गोळी सुटल्यावर पडद्याकडं बघण्याआधी नेमबाजानं ती कुठं लागली असेल ते सांगायचं. ‘कुठं गेली?’ हा प्रश्न प्रत्येक गोळीमागं. अंदाज आणि निकाल यांतलं अंतर कमी होत गेलं, म्हणजे स्वतःच्या हाताची आणि श्वासाची ओळख वाढली.

तालमीतलं शिक्षण वेगळं. तिथं वस्ताद डाव करून दाखवतो, चुकलं की तिथल्या तिथं सांगतो, आणि मेहनत करून घेतो. उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींनीही हाताखालच्या पोरांना असंच घडवलं. त्या शिकवण्याची गरज आजही आहे. वाळूत किती टक्के ओलावा चालतो हे नव्या मोल्डरला ठाऊकच नसेल, तर त्याला दहा वेळा ‘आणखी काय?’ विचारून ते कळणार नाही. ते सांगावंच लागतं. प्रश्न कामाला येतो तो उत्तर माणसाजवळ असूनही त्यानं कधी उच्चारलेलं नसतं तेव्हा.

म्हणून विचारणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. ‘तुम्ही जरा कमी बोललं तर बरं, असं नाही का वाटत?’ हा प्रश्न नव्हे, प्रश्नाच्या वेषातला सल्ला. शब्द बदलले, आवाज चढला की चौकशीला उलटतपासणीचं रूप येतं. शांतता सहन न होऊन कोचनं मध्येच उत्तर सुचवलं, तर समोरचा सुटकेचा श्वास टाकून ‘होय, तसंच’ म्हणतो आणि शोध तिथंच संपतो. कधी खणताना जुनं दुःख लागतं, झोप उडाल्याचं किंवा जगण्यात रस उरला नसल्याचं बाहेर येतं. तेव्हा प्रश्न थांबवून मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवणं हा या कामाच्या आचारसंहितेचाच भाग आहे.

पहिल्या बैठकीच्या शेवटी मालकानं स्वतःच एक ठरवलं. सोमवारच्या रिजेक्शन मीटिंगमध्ये सुपरवायझरनं आधी बोलायचं, आणि आपलं मत देण्याआधी आपण दोनदा ‘आणखी काय?’ विचारायचं. पहिल्या सोमवारी कुणीच बोललं नाही. दुसऱ्या सोमवारी कोअर विभागातला एक जण म्हणाला, कोअरबॉक्स झिजलाय, मापं सरकतात, सगळ्यांना माहीत आहे. ‘‘दुरुस्तीला मीच घेऊन जातो, फक्त एक दिवस मोकळा द्या.’’ मालकानं दिला.

पुढच्या बैठकीचा विषय त्यानं आधीच कळवला आहे. वडील अजून रोज सकाळी कारखान्यात फेरी मारतात, आणि ते समोर आले की तो स्वतः गप्प होतो.