वारावरून ठेवलेली नावे

मुलाचे नाव ठेवताना आपल्याकडे कुलदैवत, आजापणजा आणि पंचांग या तिघांचा कौल घेण्यात येतो. जन्माचा वार हाच ज्यांचा आधार, अशा नावांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच वळते. सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही नावे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या वारली-कातकऱ्यांत आढळतात; छोटानागपूरच्या उरांव-मुंडांत एतवा, सोमरा, मंगरा, बुधवा अशी त्यांची भावंडे भेटतात. दुसरे काही सुचले नाही म्हणून वाराचे नाव ठेवले, असा शहरी समज आहे. तो कितपत खरा, हे पाहावयाचे आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. अमुक नक्षत्रावर जन्मलेला तो त्या नक्षत्राच्या नावाने ओळखला जावा, याची व्याकरणातील व्यवस्था पाणिनीनेच लावून दिलेली आहे. ‘धर्मसिंधू’त देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम असे चार प्रकार सांगितले आहेत. या चारांत वाराला स्थान नाही. याचे कारण उघड आहे. नक्षत्रे व मास यांच्या मानाने सात वारांची गणना आपल्याकडे पुष्कळ उशिरा आली; वाराचा निर्देश असलेला भारतातील सर्वांत जुना ज्ञात कोरीव लेख एरण येथील, बुधगुप्ताच्या काळचा, म्हणजे इ. स. ४८४ चा होय. शिवाय नक्षत्राचा चरण कळावयास जोशी लागतो. वार कळावयास आठवड्याचा बाजार पुरतो. तेव्हा वारनाम हे शास्त्राने दिलेले नसून लोकांनी आपल्या सोयीने घडविलेले नाव आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हुबळी-धारवाडच्या मुलखात याच गोष्टीला निराळे वळण मिळाले आहे. येथे मराठी व कानडी एकाच गल्लीत नांदत आल्या आहेत आणि वारांची बोलीतली नावेही त्यांनी जणू वाटून घेतली आहेत. मराठीतला ‘ऐतवार’ कानडीतही ऐकू येतो. मराठीतल्या ‘बेस्तरवारा’शेजारी कानडीतला ‘बेस्तवार’ उभा आहे. मात्र या भागात वार नावात उघडपणे न शिरता बहुधा देवाच्या वेषाने शिरतो. सोमवार हा शिवाचा आणि बसवण्णाचा, म्हणून त्या दिवशी नांगराला बैल न जुंपण्याची शेतकऱ्यांत चाल आहे. मंगळवार व शुक्रवार हे सौंदत्तीच्या यल्लम्माचे; शनिवार मारुतीचा, त्या दिवशी धारवाडजवळच्या नुग्गीकेरीला भक्तांची रीघ लागते. सोमप्पा किंवा सोमव्वा या नावात मग वार किती आणि सोमेश्वर किती, हे निवडून काढणे अशक्य होते. शाल्मलेच्या उगमाशी असलेले सोमेश्वराचे देऊळ डोळ्यांसमोर असणाऱ्या धारवाडकरास ते निवडण्याची गरजही वाटत नाही. म्हणूनच नाव सोमा आहे एवढ्यावरून जन्म सोमवारचाच, असा निष्कर्ष अभ्यासकाने काढू नये.

ही पद्धत पूर्णत्वास गेलेली पाहावयाची असेल, तर पश्चिम आफ्रिकेतील घानाच्या अकान लोकांकडे जावे लागते. तेथे मूल जन्मताच त्याचा वार हेच त्याचे नाव होते. सोमवारचा मुलगा क्वाद्वो अथवा कोजो, मंगळवारचा क्वाबेना, बुधवारचा क्वाकू, गुरुवारचा याव, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी. मुलींसाठी अद्वोआ, अबेना, अकुआ, या, अफुआ, अमा, अकोसुआ. या नावास ‘क्रादिन’ म्हणतात. त्यातला ‘दिन’ ऐकून आपले कान टवकारतील. पण अकान भाषेत ‘दिन’ म्हणजे नाव आणि ‘क्रा’ म्हणजे आत्मा. ज्या दिवशी आत्मा या जगात आला, त्या दिवसाची खूण म्हणजे क्रादिन. वडिलांनी निवडलेले नाव पुढे आठव्या दिवशी मिळते. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ रोजी जन्मले. तो शुक्रवारच होता.

अशा नावाचा उपयोग काय, याचे उत्तर घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सापडते. त्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूने केवळ अंदाजाने २१ सप्टेंबर १९०९ ही जन्मतारीख लिहून ठेवली, व सरकारी कागदांत तीच चालली. पण तो दिवस मंगळवार होता, आणि नाव तर शनिवारचे! तेव्हा सप्टेंबरच्या मध्याजवळचा शनिवार म्हणून १८ सप्टेंबर ही तारीख त्यांनी अधिक संभवनीय मानली. दप्तराची साक्ष डळमळली, तेथे नावाची साक्ष टिकली.

शिक्षकांना हा प्रसंग परका वाटू नये. ज्या मुलाची जन्मतारीख घरी कोणास सांगता येत नसे, त्याच्यापुढे १ जून लिहून मोकळे होण्याचा प्रघात आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. अशा हजेरीपटात ‘बुध्या’चा ‘बुद्धिराज’ किंवा ‘सुधीर’ केला, की त्याच्या जन्माचा राहिलेला एकुलता एक धागाही तुटतो. येथे एक सावधगिरी मात्र हवी. आपला वार सूर्योदयास बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. सोमवार उलटून रात्री दोन वाजता जन्मलेले मूल घरच्या हिशेबाने सोमवारचे, तर दप्तराच्या हिशेबाने मंगळवारचे असते. अशा वेळी दोघेही खरे असतात.

नावाची विटंबना मात्र दोन्हीकडे सारखीच झाली. अकान गुलामांबरोबर ही नावे जमैकास गेली. १७३९ साली इंग्रजांना तह करावयास लावणाऱ्या मरून लोकांचा नेता ‘कजो’ हे सोमवारचे नाव मिरवीत होता. पण त्याच बेटावर ‘क्वाशी’ हे रविवारचे नाव गावंढळ माणसाला हिणविण्याचा शब्द बनले. आपणही ‘कोणीतरी सोम्यागोम्या’ असे सहज म्हणून जातो. ज्याला इतिहासात जागा नाही त्याचे नाव सामान्यनाम होते, हा भाषेचा न्याय नव्हे. तो समाजाचा न्याय भाषेने नोंदविलेला असतो.

म्हणून वर्गात एखादा शुक्र्या किंवा मंगळी आली, तर नाव सुधारण्यापूर्वी ते का ठेवले हे घरच्यांस विचारावे. उत्तरात कधी बाजाराचा दिवस निघेल, कधी देवाचा वार, कधी गेलेल्या आज्याची आठवण. ते उत्तर नावापुढे टिपून ठेवणे हे कोणत्याही शिक्षकास सहज करता येण्याजोगे संशोधन आहे.