लाट मोजणारी तार

माझे चाचा हर्णैला मासेमारी करत. समुद्र कसा होता असं विचारलं, की हात कधी कमरेशी लावत, कधी डोक्यावर नेत. तेवढं माप घराला पुरत असे. पण मित्रहो, लाटेबरोबर होडीही वर-खाली होते. मग उंची मोजायची कशापासून?

नेमकं माप काय असतं ते मला खडकवासल्याला कळलं. तिथल्या, १९१६ साली सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून यंत्राने लाटा उठवतात.

अशा ठिकाणी लाट मोजायला पाण्यात एक तार उभी करतात. आत धातू, बाहेर पाणी आणि मधे वीज न वाहू देणारं पातळ आवरण. झाला कंडेन्सर! आपल्या रेडिओत असतो, तोच. लाट चढली, तार जास्त भिजली, की कंडेन्सरची विद्युतभार साठवण्याची क्षमता त्याच प्रमाणात वाढते. उतरली की घटते. संगणक ही चढउतार सेकंदाला अनेकदा टिपतो.

दुसऱ्या प्रकारात दोन उघड्या तारा असतात. त्या जितक्या बुडतील, तितका त्यांच्यामधून जास्त प्रवाह वाहतो. यात मात्र एक खोट आहे. पाणी एक अंशाने तापलं, की त्यातून वीज साधारण २ टक्के जास्त वाहते. म्हणजे सकाळचीच लाट दुपारी उंच दिसणार! म्हणून स्थिर पाण्यात तारा मोजून इतके सेंटिमीटर खाली-वर करतात आणि आकडे जुळवून घेतात. वाण्याने आधी रिकामा तराजू दाखवावा, तसं मला ते वाटलं.

एवढी काटेकोरी कशाला? शंभरपट लहान प्रतिकृतीत ३ मीटरची लाट ३ सेंटिमीटरची होते. तिथली एक मिलिमीटरची चूक समुद्रात १० सेंटिमीटरची ठरते. लाटा अडवणाऱ्या बांधाच्या दगडाचं वजन तर लाटेच्या उंचीच्या घनावर ठरतं. उंची १० टक्के वाढली, तर दगड ३३ टक्के जड हवा. हिशेब चुकला तर बांध ढासळतो आणि आतल्या होड्या उघड्या पडतात.

खोल समुद्रात तार टिकत नाही. तिथे तरंगता बोया असतो. वर-खाली होताना त्याचा वेग कसा बदलतो, ते आतलं उपकरण नोंदवतं आणि त्यावरून उंची काढतात.

मच्छीमारांसाठीच्या अंदाजात लाटेची जी उंची सांगतात, ती सगळ्या लाटांची सरासरी नव्हे. सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. मुरलेला दर्यावर्दी नजरेने जी उंची सांगतो, तीही साधारण एवढीच भरते. चाचांचा हात त्याच मापाला पोचत असावा.

मात्र एखादी लाट या आकड्याच्या जवळजवळ दुप्पटही असते. अंदाजाबरोबर हे वाक्य दर वेळी सांगायला हवं, असं मला वाटतं. ‘२ मीटर’ ऐकून होडी लोटणाऱ्याला वाटेत ४ मीटरच्या आसपासची लाट भेटू शकते.