पीसीला पहिल्यांदाच कस्टम वॉटरकूलिंग करताय? आधी काय घ्यायचं आणि शेवटी काय, ते समजून घ्या

रील्स बघताना एखादा पीसी हमखास समोर येतो. काचेच्या आत निळं-जांभळं पाणी, काटकोनात वळवलेल्या नळ्या, चमकणारी टाकी. बघणाऱ्याला वाटतं, आपणही करूया. मग तो पहिली ऑर्डर देतो रंगीत कूलंटची आणि आरजीबीवाल्या टाकीची.

गडबड इथेच होते. कारण कस्टम वॉटरकूलिंगमध्ये जे रीलमध्ये दिसत नाही, ते आधी ठरवायचं असतं. नाहीतर ब्लॉक कार्डवर बसत नाही, रेडिएटर कॅबिनेटमध्ये मावत नाही आणि एखादं फिटिंग सैल राहिलं, तर पाणी थेट महागड्या ग्राफिक्स कार्डवर गळतं.

पाणी नेमकं करतं काय?

तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी साधारण साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेतं. पण पाणी उष्णता संपवत नाही, फक्त वाहून नेतं. प्रोसेसरवरच्या ब्लॉकमध्ये ते तापतं, रेडिएटरमध्ये जातं आणि तिथले पंखे ती उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात.

म्हणजे पाणी कधीच खोलीपेक्षा थंड होणार नाही. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत नळ्यांवर बाहेरून थेंब जमतील का, असा प्रश्न अनेकांना पडतो. नाही जमणार, कारण त्यासाठी नळी हवेपेक्षा थंड असावी लागते.

विदर्भाचं गणित मात्र वेगळं आहे. मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल आणि पाणी तिच्यापेक्षा १० अंश जास्त तापलं, तर ते ५० वर पोहोचतं. बहुतेक पंपांची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे तिथे रेडिएटर सढळ हातानेच घ्यावा लागतो.

१. सुरुवात ब्लॉकपासून

प्रोसेसरचा ब्लॉक निवडणं सोपं आहे, फक्त सॉकेट जुळायला हवं. ग्राफिक्स कार्डचं तसं नाही. ‘आरटीएक्स ५०८०’ एवढं नाव पुरत नाही. एकाच चिपची कार्डं वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या सर्किट बोर्डवर बनवतात आणि फुल कव्हर ब्लॉक त्या बोर्डच्या मापानेच कापलेला असतो. त्यामुळे कार्डचं पूर्ण मॉडेल नाव ब्लॉक बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आहे का, ते आधी तपासा. नसेल तर विषय तिथेच थांबतो.

आणखी एक गोष्ट. मूळ कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, हे कार्डच्या कंपनीला आधीच विचारा. पुढे कार्ड बदललं, तर बहुतेक वेळा ब्लॉकही नवा घ्यावा लागतो.

२. रेडिएटर : वॉट मोजा, मग कॅबिनेट

समजा, आरटीएक्स ५०८० म्हणजे ३६० वॉट आणि रायझन ७ ९८००एक्स३डी म्हणजे १२० वॉट. एकूण ४८०. पहिल्या सेटअपसाठी ढोबळ नियम असा, की प्रत्येक १०० वॉटला १२० मिमीच्या एका पंख्याएवढा रेडिएटर. म्हणजे इथे पाच पंखे, एक ३६० आणि एक २४०. यापेक्षा कमीतही चालेल, पण मग पंखे जोरात फिरणार आणि आवाज वाढणार.

आता कॅबिनेटमध्ये टेप धरा. रेडिएटर ३० मिमी जाड असेल, तर वर पंख्याचे २५ मिमी धरून ५५ मिमी जागा लागते. वरच्या बाजूला लावताना तो रॅमला किंवा मदरबोर्डच्या हीटसिंकला अडणार नाही ना, तेही बघा.

३. पंप आणि टाकी

पहिल्यांदा करणाऱ्यांनी पंप आणि टाकी एकत्र असलेला कॉम्बो घ्यावा. बाजारात डी५ आणि डीडीसी हे दोन प्रकार जास्त चालतात. दोन्ही पुरेसे ताकदवान आहेत, पण डी५ सहसा कमी आवाज करतो.

पाणी आधी प्रोसेसरकडे न्यायचं की कार्डकडे, यावर डोकं खाजवू नका. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल, तर ४८० वॉटने पूर्ण चक्करमध्ये तापमान जेमतेम २ अंशांनी वाढतं. नियम एकच, टाकीतलं पाणी थेट पंपात उतरलं पाहिजे. पंप कोरडा फिरला तर तो खराब होतो.

४. नळ्या आणि फिटिंग

कडक नळ्या दिसतात सुंदर, पण त्या गरम करून वळवाव्या लागतात. माप चुकलं की नळी वाया. पहिल्यांदा मऊ नळीच बरी.

फिटिंगचा धागा बहुतेक ठिकाणी जी १/४ हा एकच असतो. चूक होते ती नळीच्या मापात. १०/१६ मिमीची नळी १०/१३ च्या फिटिंगमध्ये बसत नाही. आतलं आणि बाहेरचं, दोन्ही आकडे जुळवा.

मोजणीही आधीच करा. दोन ब्लॉक, दोन रेडिएटर आणि पंप-टाकी, प्रत्येकाला दोन, म्हणजे किमान १० फिटिंग. शिवाय पाणी काढण्यासाठी सर्वात खालच्या जागी टी-जोड आणि बॉल व्हॉल्व्ह. बजेट कोसळतं ते बहुतेकदा इथेच.

५. धातू एकत्र करू नका

तांब्याचे ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा स्वस्त रेडिएटर एकाच पाण्यात आले, की ॲल्युमिनियम गंजू लागतं. सुटलेला चुरा ब्लॉकच्या बारीक खाचांमध्ये अडकतो. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा असलेलं तांबं एकत्र चालतं. वर्णनात धातूचं नाव नसेल, तर तो पार्ट घेऊ नका.

६. पाणी कोणतं?

नळाचं, आरओचं किंवा बाटलीतलं मिनरल वॉटर नको, त्यात क्षार असतात. पीसीसाठीचं तयार कूलंट, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंज आणि शेवाळ रोखणारं मिश्रण घ्या. दुधाळ किंवा चमकीवाली कूलंट फोटोसाठी ठीक आहेत, पण त्यांचा गाळ बसू शकतो.

‘डिस्टिल्ड पाण्यातून वीज जात नाही, मग गळलं तरी काय?’ हा गैरसमज आहे. नळ्या आणि धातूतून फिरताना त्यात आयन मिसळतात आणि ते वीज वाहून नेऊ लागतं.

पहिलं बटण दाबण्याआधी

मदरबोर्ड आणि कार्डची वीज जोडूच नका. एसएमपीएसला जंपर लावून फक्त पंप चालवा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि २४ तास थांबा. सगळे कागद कोरडे राहिले, तरच पुढे जा.

हे सगळ्यांनी करावं का?

नाही. फक्त प्रोसेसर थंड ठेवायचा असेल, तर चांगला एअर कूलर किंवा सीलबंद एआयओ पुरतो. कस्टम लूपमध्ये कूलंट वेळोवेळी बदलावं लागतं आणि साफसफाईही आलीच. जास्त वॉटचं कार्ड, शांत पीसी आणि स्वतः बनवण्याची हौस, हे तिन्ही असेल तर मजा आहे.

खरेदीचा क्रम तेवढा पाळा. ब्लॉक, रेडिएटर, पंप, फिटिंग, नळी, कूलंट. आरजीबीला पैसे उरले, तर सगळ्यात शेवटी.