दोन युद्धनौकांमधील दोरवाट

भर समुद्रात समान वेगाने समांतर चालणाऱ्या दोन युद्धनौकांपैकी एकीवरील अंमलदारास दुसरीवर पोहोचविण्याची जी ‘जॅकस्टे’ नामक पद्धत आरमारांत रूढ आहे, तिच्यात प्रथम बंदुकीने बारीक दोरी पलीकडे फेकतात, तिच्या आधारे जाड दोर ओढून घेतात आणि त्यावरील कप्पीला टांगलेल्या खुर्चीत मनुष्यास बसवितात. नौकांमधील चिंचोळ्या पाण्याचा वेग वाढून दाब घटल्याने त्या एकमेकींकडे खेचल्या जातात, म्हणून सुकाणूवाल्यास क्षणभरही गाफील राहता येत नाही. परंतु मला सर्वाधिक आदर वाटतो तो दोर धरणाऱ्यांविषयी. जड मालासाठी यंत्राने ताणलेली तार वापरीत असले, तरी मनुष्य नेताना परंपरेने सुमारे २५ खलाशी तो दोर हातांनीच सांभाळतात, नौका दूर डोलताच सैल सोडतात आणि जवळ येताच आवळतात.