दलालाच्या आधी कायदा कळू द्या

७ जून २०१७ रोजी बालाघाटजवळच्या खैरी गावात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि वीसहून अधिक माणसे मरण पावली. सरकारने मदत जाहीर केली. अशा दुर्घटनेनंतर गावात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘सरकारने पैसे दिले ना, मग आता काय उरले?’ उरते ते बरेच. सानुग्रह मदत ही सरकारने दाखवलेली सहानुभूती. भरपाई हा वारसांचा हक्क. मदत घेतली म्हणून हक्क बुडत नाही.

कामावर, कामामुळे मृत्यू झाला असेल तर मालकाची चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. १९२३च्या कामगार भरपाई कायद्यापासूनची ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. मालकाने तेराव्याला घरी येऊन हातावर ठेवलेली गड्डी कायद्याच्या लेखी भरपाई नसते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल तेवढी मालक थेट देऊ शकतो.

पण बालाघाट, वारासिवनी, लांजी, बैहर या पट्ट्यात बहुतेक घरांवर असा प्रसंग येतो तो रस्त्यावर, आणि सर्वांत जास्त गैरसमजही मोटार अपघाताच्या दाव्याबद्दलच आहेत.

‘ड्रायव्हर सुटला म्हणजे केस गेली.’ अजिबात नाही. पोलिसांचा खटला आणि क्लेम केस हे दोन वेगळे रस्ते आहेत. फौजदारी न्यायालयाला संशयापलीकडचा पुरावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कशाची शक्यता जास्त आहे, एवढेच पाहते. त्यामुळे चालक निर्दोष सुटल्यावरही भरपाई मिळू शकते. गाडी दुसऱ्याला विकली, पण नाव बदलले नाही, ही सबबही चालत नाही. आरसीवर ज्याचे नाव, तो जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. गाडीचा विमा नसेल तर वसुली अवघड होते, दावा मात्र संपत नाही. ठोकून पळालेले वाहन सापडलेच नाही तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख रुपयांची तरतूद आहे. त्याचा अर्ज एसडीएम कार्यालयात करायचा, वकिलाशिवायही होतो.

गावात ‘राजीनामा’, म्हणजे आपसातला समझोता, घडवून आणणारी मंडळी असतात. चालकाकडचे पन्नास हजार देतात आणि शपथपत्रावर सही घेतात. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. म्हणजे त्या कागदाने चालकाला कायद्याने फारसे काही मिळत नाही. विमा कंपनीच्या वकिलाला मात्र उलटतपासणीत तो कागद फार उपयोगी पडतो. सही करू नका, इतके साधे आहे ते.

‘अपघात मध्य प्रदेशात झाला, मग दर तारखेला बालाघाटला जावे लागणार.’ गोंदियाहून बालाघाटकडे निघाले की बाघ नदीपाशी राज्य बदलते आणि त्याबरोबर हा प्रश्नही येतो. नाती दोन्हीकडे, लग्ने दोन्हीकडे, अपघात मधल्या रस्त्यावर. मोटार वाहन कायद्याचे कलम १६६ म्हणते की अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो तिथे किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. गोंदिया जिल्ह्यातल्या विधवेने गोंदियालाच दावा लावावा. उलट, बालाघाटचा मुलगा नागपूरला मजुरीला गेला आणि तिथे ट्रकखाली आला, तर त्याचे आईवडील बालाघाटच्या जिल्हा न्यायालयात येऊ शकतात.

मुदतीबाबत मात्र गाफील राहू नये. २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मर्यादा घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेशही नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. तरी अंतरिम आदेशाच्या भरवशावर बसून राहणे शहाणपणाचे नाही. नियमांनुसार पोलिसांनीही पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. ठाण्यात जाऊन तो गेला का, असे विचारायला लाजू नका.

‘विमा कंपनी पाच लाख देते म्हणतेय, घेऊन टाका.’ हा पाच लाखांचा आकडा हवेतून आलेला नाही. चूक कुणाची हे न पाहता मिळणारी ती कलम १६४ची ठरीव रक्कम आहे. कलम १६६ खाली हिशेब वेगळा होतो, आणि तो कुणाच्याही मर्जीवर नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांनी त्याची रीत ठरवून दिली आहे. समजा, बत्तीस वर्षांचा गवंडी महिना १२,००० रुपये कमवत होता. मागे बायको, दोन मुले आणि आई. स्वतःच्या धंद्यातल्या चाळिशीखालच्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की १६,८०० होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा केला की १२,६००. वर्षाचे १,५१,२००. वयानुसार गुणक १६. एकूण २४,१९,२००. त्यावर अंत्यसंस्कार, संपत्तीची हानी आणि सहवासाची हानी यांच्या ठरीव रकमा, आणि व्याज. आता पाच लाखांच्या कागदाकडे पुन्हा पाहा.

बाई घरीच असायची, तिची काय भरपाई, असे सासरचेच लोक म्हणतात तेव्हा राग येतो. गृहिणीच्या कामाला मोल आहे आणि त्यासाठी काल्पनिक उत्पन्न धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१च्या जानेवारीत पुन्हा सांगितले. आणि विधवेने पुनर्विवाह केला म्हणून तिचा हक्क जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे.

राहिला वकिलाचा प्रश्न. माझ्या मते अर्धी कुटुंबे इथेच फसतात. पोस्टमॉर्टेम (पीएम) होण्याआधीच कुणीतरी खांद्यावर हात ठेवतो: ‘आमचे साहेब बघतील सगळे, एक पैसा देऊ नका, मिळेल त्यातले तीस टक्के.’ दुःखातल्या माणसाला हा देवमाणूस वाटतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे वकिलाला मना आहे. दलाल पाठवून केस मिळवणेही मना आहे. परदेशी मालिकांत वकील टक्केवारीवर लढताना दिसतात, तो आपला कायदा नव्हे. नियम मोडणाऱ्याची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करता येते. मध्य प्रदेशची जबलपूरला आहे.

मग वकील शोधायचा कसा? जिल्हा न्यायालयात जाऊन दावा न्यायाधिकरणाच्या कोर्टात एक दिवस नुसते बसा. कोण तयारीने येतो आणि कोण तारीख मागतो, ते दुपारपर्यंत कळते. फी आधी ठरवून लिहून घ्या. कोऱ्या वकीलपत्रावर आणि कोऱ्या कागदावर सही नको. एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट, विम्याचा कागद यांच्या झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. दावा दाखल झाला की सीएनआर नंबर मागून घ्या, म्हणजे पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या अॅपवर घरबसल्या दिसते. वारसाचे बँक खाते त्याच्याच नावाचे असू द्या आणि त्याचे पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड कुणाकडेही ‘सांभाळायला’ देऊ नका.

‘एकदा वकील केला की बदलता येत नाही’ हेही खोटे. फी बाकी आहे म्हणून वकिलाला तुमची फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगून ठेवले आहे. लोकअदालतीत तडजोड करण्याआधी मात्र दोनदा विचार करा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते, बालाघाटहून जबलपूरला आणि गोंदियाहून नागपूर खंडपीठाकडे.

आणि वकिलाला द्यायला पैसेच नसतील तर? १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. म्हणजे नवरा गमावलेल्या प्रत्येक बाईला, ती बैहरच्या टोल्यावरची असो की शहरातली. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज करा, नाहीतर १५१०० वर फोन लावा. तीस टक्केवाल्याला होकार देण्याआधी हा फोन करा.