उजव्या बटणाची विचारपूस

ई-आधारची पीडीएफ उतरवून घेतली, आपल्या नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल असा पासवर्ड टाकला, फाइल उघडली. सगळं नीट दिसतंय, पण सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि शेजारी ‘व्हॅलिडिटी अननोन’. दौंडच्या कुठल्याही महा ई-सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात हे प्रश्नचिन्ह नवं नाही. आधार खोटं निघालं की काय, अशी शंका मात्र अनेकांच्या मनात येते.

आधार खोटं नसतं. कागदावर सही कोणी केली हे आपल्या संगणकाने अजून तपासलेलं नसतं, एवढंच ते प्रश्नचिन्ह सांगतं. ते तपासून घ्यायची रीत आधार प्राधिकरणानेच सांगितलेली आहे आणि तिची पहिली पायरी माउसच्या उजव्या बटणावर आहे. फाइल ब्राउझरमध्ये न उघडता अडोबी रीडरमध्ये उघडायची. इंटरनेट चालू ठेवून प्रश्नचिन्हावर उजवं बटण दाबायचं आणि ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ निवडायचं. येणाऱ्या चौकटीत ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, मग ‘शो सर्टिफिकेट’, तिथे ‘ट्रस्ट’ या भागात ‘अ‍ॅड टू ट्रस्टेड आयडेंटिटीज’. पुन्हा एकदा व्हॅलिडेट केलं की प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. एकदा विश्वास ठेवलेल्या त्याच प्रमाणपत्राची सही पुढच्या फाइलवर आली, तर ही उठाठेव पुन्हा करावी लागत नाही. मात्र फाइल आपण स्वतः अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेली असेल, तरच हे करावं. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पीडीएफवर असा विश्वास टाकू नये.

दौंड हे जंक्शनचं गाव. पुणे-सोलापूर मार्गावरून मनमाडकडे आणि बारामतीकडे फाटे इथूनच फुटतात. रेल्वे, राज्य राखीव पोलीस दल, कुरकुंभची औद्योगिक वसाहत आणि भीमाकाठचा ऊस यांवर इथली घरं चालतात. भरतीचे अर्ज, शिष्यवृत्ती, सातबारा, पीकविमा यांतलं काही ना काही या घरांत वर्षभर चालूच असतं. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आला आणि सरकारी नोकरीच्या आशेने तालुक्या-तालुक्यातल्या लाखो मुलामुलींनी माउस हातात धरला. राइट क्लिक हा शब्द तेव्हापासून घरोघरी झाला. पण पुष्कळांच्या घरी त्या बटणाचा उपयोग कॉपी, पेस्ट आणि रिफ्रेश या तिघांपुरताच राहिला. थोरल्या माणसांना तर त्याची धास्तीच वाटते: भलतंच काही दाबलं गेलं तर?

ही धास्ती अनाठायी आहे. डावं बटण काम करून मोकळं होतं. उजवं बटण आधी विचारतं. ज्या वस्तूवर ते दाबाल तिच्यासोबत काय काय करता येईल, याची यादी समोर येते, आणि यादी नुसती उघडल्याने काहीही बदलत नाही. नको असेल तर एस्केपची कळ दाबायची, यादी नाहीशी. सांभाळायचं ते त्यातल्या ‘डिलीट’ला. तिथेही संगणकावरची फाइल चुकून गेली, तर ती बहुधा रिसायकल बिनमध्ये असते. तिच्यावर पुन्हा उजवं बटण दाबून ‘रिस्टोअर’ म्हटलं की मूळ जागी परत येते. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र सहसा बिनमध्ये जात नाही, हे ध्यानात ठेवावं.

हे बटण मुळात सर्वांना हवं होतं असंही नाही. डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमारास बनलेल्या लाकडी माउसला एकच बटण होतं. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी माउस जगापुढे आणला, तेव्हा बटणं तीन झाली होती. झेरॉक्स कंपनीच्या अल्टो संगणकालाही तीनच. कट, कॉपी, पेस्टची रीत रुजवणाऱ्यांपैकी एक असलेले लॅरी टेस्लर पुढे अ‍ॅपलमध्ये गेले. नवख्या माणसाला कुठलं बटण दाबायचं हा प्रश्नच पडू नये, म्हणून त्यांनी एका बटणाचा आग्रह धरला. १९८३ च्या लिसाला आणि १९८४ च्या मॅकिंटॉशला एकच बटण आलं. मायक्रोसॉफ्टच्या माउसला दोन होती, पण काही मोजके प्रोग्रॅम सोडले तर उजवं बटण बराच काळ बसूनच होतं. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि फाइल, फोल्डर, डेस्कटॉपची मोकळी जागा, जिथे म्हणाल तिथे ते यादी दाखवू लागलं. टेस्लर यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, नवखा माणूस गोंधळतोच. पण कामं वाढत गेली तसं एक बटण अपुरं पडलं आणि २००५ साली अ‍ॅपलनेही उजवी क्लिक देणारा माउस बाजारात आणला.

घरच्या कामात सर्वांत मोलाचा शब्द यादीच्या तळाशी असतो: ‘प्रॉपर्टीज’. अर्जासाठी फोटो अमुक केबीच्या आत हवा अशी अट असते आणि संकेतस्थळ तो पुन्हा पुन्हा नाकारतं. फोटोच्या फाइलवर उजवं बटण, मग प्रॉपर्टीज. तिथे ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ असे दोन आकडे दिसतात, त्यांतला पहिला धरायचा. फोटो मोठा असेल तर पेंटमध्ये उघडून त्याची लांबी-रुंदी कमी करता येते. याच चौकटीत ‘डिटेल्स’मध्ये गेलं, तर फोटो कधी आणि कुठल्या फोनने काढला हे दिसतं, फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर जागाही. घराचा किंवा लेकराचा फोटो अनोळखी माणसाला पाठवण्याआधी तिथलीच ‘रिमूव्ह प्रॉपर्टीज’ची ओळ वापरून ही माहिती काढून टाकता येते.

फसवणुकीपासून वाचायलाही हीच चौकट कामी येते. विंडोज ओळखीच्या फाइलींच्या नावाचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं. त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘बिल डॉट पीडीएफ’ दिसते. उघडायला गेलं की बिल दिसत नाही, प्रोग्रॅम चालू होतो. उघडण्याआधी प्रॉपर्टीजमध्ये ‘टाइप ऑफ फाइल’ पाहिलं आणि तिथे ‘अ‍ॅप्लिकेशन’ असं असलं, तर ती फाइल तशीच पुसून टाकावी. लग्नपत्रिकेच्या नावाखाली फोनवर येणाऱ्या एपीके फाइलीही संगणकावर अशाच उघड्या पडतात. पत्रिका एपीके कधीच नसते.

अर्ज भरताना आणखी एक घोळ नेहमी होतो. अर्धा अर्ज भरून झालेला असतो, मध्येच जाहिरात वाचायला लिंक दाबली जाते आणि तेच पान बदलून भरलेलं सगळं वाया जातं. लिंकवर उजवं बटण दाबून ‘ओपन लिंक इन न्यू टॅब’ म्हटलं, तर अर्ज जागेवर राहतो. फाइल ओढून दुसरीकडे नेतानाही असंच. डाव्या बटणाने ओढली तर त्याच ड्राइव्हवर ती हलते आणि दुसऱ्या ड्राइव्हवर तिची प्रत होते, म्हणून मूळ फाइल गेली कुठे याची शोधाशोध सुरू होते. उजव्या बटणाने ओढून सोडली, तर ‘कॉपी हिअर’ की ‘मूव्ह हिअर’ असं संगणक विचारतो. पुण्याहून लेकीने आणलेले फोटो पेन ड्राइव्हवरून घरच्या संगणकावर घेताना हीच रीत बरी.

आणि रिफ्रेश? संगणक सुरू झाला की डेस्कटॉपवर चार-पाचदा रिफ्रेश करायची सवय आपल्याकडे फार पसरलेली आहे. त्याने संगणक वेगवान होत नाही. पडद्यावरची चित्रं पुन्हा मांडली जातात, इतकंच. नुकतीच ठेवलेली फाइल दिसत नसेल, तेव्हा त्याचा उपयोग.

५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं आणि ही यादी आखूड झाली. कट, कॉपी, नाव बदलणं यांची जागा बारीक चित्रांनी घेतली आणि जुन्या ओळी ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे गेल्या. पाठ केलेली जागाच हलवणारा हा बदल घरच्या वापराला जाचक आहे. शिफ्ट धरून उजवं बटण दाबलं की जुनी यादी सरळ समोर येते. माउस बिघडला असेल तर शिफ्ट आणि एफ १० या कळांनीही ती उघडते. डावखुऱ्यांनी सेटिंग्जमध्ये माउसच्या भागात जाऊन मुख्य बटण बदलून घ्यावं, म्हणजे दोन्ही बटणांची कामं आपोआप उलट होतात.

घरात आई-वडिलांना हे शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. त्यांच्या हातातून माउस काढून घेऊ नका. प्रश्नचिन्हावर उजवं बटण त्यांनाच दाबू द्या आणि यादीतली प्रत्येक ओळ त्यांच्या सवडीने वाचू द्या.