चंचल मुलाला चेतना देणारे औषध कशासाठी?

गेल्या महिन्यात पस्तिशीचा एक द्राक्ष बागायतदार आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आला. मुलगा आत येताच वजनकाट्यावर चढला, उतरला, पडदा ओढला आणि टेबलावरचा स्टेथोस्कोप गळ्यात घालून बसला. वडिलांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. जिल्ह्याच्या गावच्या मानसोपचारतज्ज्ञांनी महिन्याभरापूर्वी लिहून दिलेली. पट्टी उघडलेलीसुद्धा नव्हती.

"डॉक्टरसाहेब, मला लहानपणी दिलेलं गुंगीचं औषध तसलंच हे हाय न्हवं? दुकानदार म्हणतो, सांभाळून ठेवा, हे कायद्यात येतंय. पोराला असलं द्यायचं माझं मन हुईना."

मी त्याच्याकडे नीट पाहिले आणि ओळखले. १९९८ साली मी नुकताच दवाखाना थाटला होता, तेव्हा त्याची आई त्याला असेच हाताला धरून घेऊन आली होती. वर्गात बसत नाही, मारामाऱ्या करतो, वह्या हरवतो, अशी तक्रार. एमबीबीएसला असताना मानसोपचार विभागात आमची ड्यूटी फक्त दोन आठवड्यांची. मी मुलाला 'शांत' करण्यासाठी फिनोबार्बिटोनचे सिरप दिले. हे औषध काही मुलांमध्ये चंचलपणा उलट वाढवते, असे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे. मी ते वाचलेही होते, पण त्या दिवशी आठवले नाही. पोरगा दिवसा पेंगायचा, संध्याकाळी दुप्पट दंगा करायचा आणि मार खायचा. सहावीत त्याची शाळा सुटली.

त्या दिवशी मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, तेव्हा चूक माझी झाली होती. दुसरी, पट्टीतले औषध गुंगीचे नाही, ते नेमके उलट्या जातीचे आहे. अनेक पालकांच्या मनात हीच शंका असते, म्हणून आज त्याविषयी थोडे सविस्तर.

हा आजार आहे की खोडकरपणा?

एका जागी न बसणे, मध्येच बोलणे, आपली पाळी येईपर्यंत न थांबणे, सुरू केलेले काम अर्धवट टाकणे, वस्तू हरवणे या गोष्टी थोड्याफार प्रमाणात सगळीच मुले करतात. पण वयाच्या मानाने त्या फारच जास्त असतील, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकल्या असतील, घरी आणि शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसत असतील, बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेल्या असतील आणि त्यामुळे मुलाचे खरोखरच नुकसान होत असेल, तर त्याला अवधानदोष व अतिचंचलता किंवा एडीएचडी म्हणतात. जगभरात साधारण शंभरातल्या पाच मुलांना तो असतो.

यातला एक प्रकार नेहमी नजरेतून सुटतो. काही मुले, विशेषतः मुली, दंगा मुळीच करत नाहीत. खिडकीतून बाहेर बघत शांत बसतात आणि फळ्यावरचे निम्मे उतरवतात. त्यांच्याविषयी कोणी तक्रार करत नाही. 'धांदरट' हा शिक्का मात्र बसतो.

मेंदूत काय घडते?

आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. दोन पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात तिथे त्यांच्यामध्ये बारीक फट असते. निरोप देणारी पेशी त्या फटीत एक रसायन सोडते, ते पलीकडच्या पेशीवर पोहोचते आणि निरोप मिळतो. मग पहिल्या पेशीवरचे सूक्ष्म पंप उरलेले रसायन पुन्हा आत ओढून घेतात.

अवधानाच्या बाबतीत दोन रसायने महत्त्वाची आहेत: डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन. कपाळामागे मेंदूचा जो पुढचा भाग आहे, त्याचे काम थांबणे, थोपवणे आणि हातातले काम ध्यानात ठेवणे हे आहे. हा भाग या दोन रसायनांवर फार अवलंबून असतो. ढोबळपणे सांगायचे तर नॉरअॅड्रेनॅलिनमुळे वर्गातल्या बाईंचा आवाज ठळक होतो, आणि डोपामिनमुळे रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज मागे पडतो. या मुलांमध्ये ही व्यवस्था कमी पडते. बाई आणि ट्रॅक्टर दोन्ही सारख्याच जोराने ऐकू येतात. मन थांबवणारा ब्रेक लागतो, पण उशिरा.

अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या मेंदूची चित्रे वर्षानुवर्षे काढून पाहिली होती. अशा मुलांच्या मेंदूच्या बाह्य थराची वाढ सरासरी तीन वर्षे मागे चालते, आणि हे अंतर पुढच्या भागात अधिक असते, असे त्यात आढळले. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाकडून आपण आठ वर्षांचा संयम मागतो. त्याच्याजवळ असतो पाचाचा.

मात्र 'माझ्या मुलाचे डोपामिन तपासा' असे म्हणून चालत नाही. त्यासाठी रक्ताची चाचणी नाही, आणि स्कॅन काढूनही निदान होत नाही. 'डोपामिन कमी' हे समजण्यापुरते सोपे वाक्य आहे, प्रत्यक्षातला गुंता मोठा आहे. आनुवंशिकता यात सुमारे ७० ते ८० टक्के असते, पण ती एखाद्याच जनुकामुळे नसते. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. म्हणून मुलाची तक्रार ऐकताना बापाच्या लहानपणाची चौकशी करावी लागते.

टीव्ही तर तासभर बघतो!

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मोबाईलवर गेम खेळताना, क्रिकेटचा सामना बघताना दर काही सेकंदांनी काहीतरी घडते, बक्षीस लगेच मिळते. त्याने मेंदूला हवा तो रेटा बाहेरून मिळतो. पाढे पाठ करण्याचे बक्षीस मात्र परीक्षेत, म्हणजे चार महिन्यांनी. तोपर्यंत स्वतःला कामाला जुंपून ठेवण्याचे काम पुढच्या मेंदूचे, आणि तोच इथे थकतो. म्हणून 'मनात आणले तर करतो, आळशी आहे' हे म्हणणे चुकीचे आहे.

चेतना देणारे औषध शांत कसे करते?

या औषधांचा शोध योगायोगाने लागला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात मुलांच्या एका मानसोपचार रुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम करत होते. तपासणीनंतर मुलांचे डोके फार दुखे, त्यावर त्यांनी बेंझेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीवर फारसा उपयोग झाला नाही, पण तीस मुलांपैकी जवळपास निम्म्या मुलांचा अभ्यास अचानक सुधारला आणि ती शांत झाली. ब्रॅडली यांनी हे १९३७ साली प्रसिद्ध केले. आज सर्वाधिक वापरले जाणारे मेथिलफेनिडेट १९४४ साली तयार झाले.

ते रसायन परत ओढणारे पंप अंशतः बंद करते. त्यामुळे फटीत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन थोडा जास्त वेळ टिकते. ब्रेक लावणारा पुढचा मेंदू जागा होतो, आणि ब्रेक लागल्यामुळे मूल शांत दिसते. गुंगीचे औषध सगळाच मेंदू मंद करते, त्यात आधीच अशक्त असलेला ब्रेकही मंद होतो. माझ्या १९९८ च्या चुकीचे मूळ इथे आहे.

आणखी एक गोष्ट पालकांनीच नव्हे, तर आम्हा डॉक्टरांनीही लक्षात ठेवावी. १९७८ साली अमेरिकेत आजार नसलेल्या निरोगी मुलांना अशाच जातीच्या औषधाचा एकच डोस देऊन पाहिला. त्यांचीही हालचाल कमी झाली आणि लक्ष वाढले. तेव्हा 'गोळीने फरक पडला, म्हणजे आजार होताच' हा तर्क खोटा आहे. निदान आधी, गोळी नंतर. परीक्षेपुरती धाकट्या भावाला गोळी देणे तर सर्वस्वी गैर.

एकाला लागू, दुसऱ्याला का नाही?

बागायतदाराला मी त्याच्याच भाषेत विचारले, "बागेला पाणी कमी पडलं तर काय होतं?"

"सुकते की."

"आणि पाणी जास्त झालं तर?"

"जमीन खारवते. पीक पिवळं पडतं."

पुढच्या मेंदूचे अगदी तसेच आहे. रसायन कमी असले तर लक्ष लागत नाही. जास्त झाले तरीही लागत नाही, मूल गुमसुम, चिडचिडे किंवा रडवे होते. प्रत्येक मुलाची मधली योग्य पातळी वेगळी असते, आणि ती केवळ वजनावरून ठरत नाही. म्हणून डॉक्टर अगदी लहान डोसपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वाढवतात. मूल 'मुके' झाले, अशी तक्रार आली तर बहुधा डोस जास्त आहे. ते आठवडाभर सोसत बसू नये, डॉक्टरांना लगेच कळवावे.

मेथिलफेनिडेट दहापैकी साधारण सात मुलांना लागू पडते. साधी गोळी अर्ध्या ते एक तासात काम सुरू करते आणि तीन ते चार तासांत ओसरते. सकाळची गोळी दुपारी संपते. मग घरी आल्यावर दंगा दिसला की आई म्हणते, औषधाचा उपयोग नाही. वास्तविक शाळेतल्या बाईंना विचारायला हवे. जास्त काळ टिकणाऱ्या गोळ्याही मिळतात.

दुसरे औषध अॅटोमॉक्सेटीन. ते नॉरअॅड्रेनॅलिनचे पंप बंद करते. पुढच्या मेंदूत डोपामिनचे स्वतःचे पंप थोडे असल्याने तिथले डोपामिनही हेच पंप ओढून नेतात, म्हणून या औषधाने तिथे दोन्ही रसायने वाढतात. पण त्याचा पूर्ण गुण दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. सातवीतल्या एका मुलीची आई आठव्या दिवशीच औषध बंद करायला निघाली होती. शिवाय काहींचे यकृत हे औषध फार सावकाश निकालात काढते, त्यांना कमी डोस पुरतो. क्लोनिडीनसारखी आणखीही औषधे आहेत, त्यांची निवड तज्ज्ञांनी करावी.

आणि कोणतेच औषध लागू पडले नाही, तर निदानाकडे पुन्हा वळावे. कमी ऐकू येणे, नजर कमी असणे, वाढलेल्या अॅडेनॉइडमुळे रात्री घोरणे आणि अपुरी झोप, थायरॉइड, क्षणभर शून्यात बघायला लावणारी फिट, वाचन-लेखनाची अक्षमता, घरातला ताण, या सगळ्यांत मूल असेच वागू शकते.

धोके आणि काळजी

मेथिलफेनिडेटने भूक कमी होते, झोप उशिरा लागते, कधी डोके किंवा पोट दुखते, नाडी व रक्तदाब थोडा वाढतो. म्हणून घरात हृदयविकार किंवा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असेल तर तो आधी सांगावा. वजन, उंची, रक्तदाब ठरावीक काळाने मोजून घ्यावेत. सकाळी गोळीआधी पोटभर न्याहारी द्यावी, रात्री पुन्हा जेवू घालावे. अॅटोमॉक्सेटीन घेणारे मूल फार उदास झाले, जीव नको असे बोलू लागले किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

दुकानदाराचे म्हणणे खोटे नव्हते. मेथिलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहे, कारण त्याचा गैरवापर होऊ शकतो. म्हणून ते कुलपात ठेवावे, मुलाच्या हाती पट्टी देऊ नये. पण ठरलेल्या डोसात, देखरेखीखाली घेतल्याने मूल व्यसनी होते, ही भीती बाळगू नये. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र पालकांना वागणुकीचे प्रशिक्षण हाच पहिला उपचार आहे.

गोळी पाढे शिकवत नाही. ती शिकण्याइतका वेळ मुलाला बसवते. उरलेले काम आपले. पुढच्या बाकावर बसवा, काम लहान तुकड्यांत द्या, एकावेळी एकच सूचना सांगा, जमले की तिथल्या तिथे शाबासकी द्या. संध्याकाळी मैदानावर पळू द्या. साखरेने मूल चंचल होते या समजुतीला अभ्यासांत आधार मिळालेला नाही. मारल्याने तर कोणाचेच डोपामिन सुधारलेले नाही.

तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. लहान मुलांसाठी तिथे शीघ्र हस्तक्षेप केंद्रही असते. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून विनामूल्य सल्ला मिळतो.

त्या मुलाची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले. दुपारचा डबा अर्धा परत येतो, रात्री मात्र पोटभर जेवतो. वजन टिकून आहे. बाईंनी वहीत लिहून पाठवले की दोन पाने न उठता लिहिली. निघताना वडिलांनी हळूच विचारले, "आन् माझं काय हो डॉक्टर?" मोठेपणीही हा दोष टिकू शकतो आणि त्यावर उपचार होतात. मी त्यांनाही त्याच तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आहे. दोन तारखा ते विसरले. तिसऱ्या तारखेला त्यांच्या पत्नी बरोबर जाणार आहेत.

पुढील आठवड्यात: मुलांचे घोरणे आणि अॅडेनॉइड.